दृष्ट आक्काची नव्हती

माझी पहिली मुलगी आठ महिन्यांची होऊन गेली. ती आकडी येऊन गेली असं माझ्या नवऱ्याला वाटायचं. तिला दृष्ट लागली असं माझी सासू गावभर सांगायची. ती खरी कशाने गेली हे मला माहीत होतं आणि मी ते बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. त्या महिन्यांत माझ्या गप्प बसण्यामुळे आणखी एका बाईचं जे झालं, ते या वयातही माझ्या मनातून जात नाही. म्हणून लिहिते आहे. लिहायला मी फार उशिरा शिकले, नातवंडांच्या पाट्यांवर. तेव्हा काही चुकलंमाकलं तर चालवून घ्यावं.

मी चिखलीची. लग्न होऊन पिंपरी गावात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. घरात सासू, नवरा आणि मी, एवढेच. सासरे आधीच वारलेले. मालक देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला होते. सकाळी सायकल काढून जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. त्यामुळे पवनेच्या काठचा शेताचा तुकडा आम्हा दोघी बायकांच्या जिवावर चालायचा. सासूला मी आत्याबाई म्हणायची. बाई कष्टाळू होती, तोंडाने फटकळ होती, पण तिने मला कधी उपाशी ठेवलं नाही की माझ्यावर हात उचलला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी तिला एकटीलाच बोल लावू नये.

त्या काळी शेतावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बारीक गोळी द्यायच्या. आमच्याकडे ती कोनाड्यात, पितळेच्या एका डबीत असायची. आत्याबाईंनी आपली सगळी मुलं त्या गोळीवर वाढवली होती. पोर झोपलं की बाईचे दोन्ही हात मोकळे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही वाटलं नाही.

माघात ज्वारीची काढणी चालली होती. मुलीला दात येत होते आणि तीन दिवस ती सारखी किरकिर करत होती. त्या दिवशी सकाळी मी तिला गोळी दिली आणि झोळीत घेऊन शेतावर गेले. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली. पण ती झोपेना. रडून रडून तिचा आवाज बसला. आत्याबाई पुढच्या पातीला होत्या, पैऱ्यावर, म्हणजे कामाच्या बदल्यात काम करायला आलेल्या दोन बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि माझं काम मागे पडत होतं. येताना मी डबी कनवटीला लावून आणली होती. मी तिला दुसरी गोळी चाटवली.

ती झोपली. मला किती बरं वाटलं ते मी कधी विसरणार नाही. आज कशी शहाण्यासारखी झोपली, असं मी मनात म्हटलंसुद्धा. ऊन डोक्यावर आलं तशी छाती भरून आली, पाजायची वेळ झाली हे अंगाला कळलं. पण मला वाटलं, झोपली आहे तर हातातली एवढी एक पात काढून होऊ दे. ती पात झाल्यावर मी गेले. तिचे ओठ निळे पडले होते.

त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. आत्याबाई तिला छातीशी धरून गावाकडे पळत होत्या. वैद्याने नुसती मान हलवली. कुणीतरी मालकांना आणायला सायकल पिटाळली. अंगणात बायका जमल्या आणि काय झालं, कसं झालं विचारू लागल्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "काल तिनं पोरीला मांडीवर घेतलं व्हतं. लई गोड दिसती म्हणली. तवाच माझ्या काळजात चर्र झालं."

ती म्हणजे आमच्या समोरच्या घरातली बाई. भावकीतली, नात्याने माझी जाऊ लागायची. वयाने मोठी म्हणून मी तिला आक्का म्हणत असे. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. मी या घरात आल्यापासून मला काही अडलं तर मी तिच्याकडेच जायची. बाळंतपणात आत्याबाईंच्या बरोबरीने तिने माझं केलं. मुलीला झबली शिवली. मुलगी मला सोडून कुणाकडे जात असेल तर ती आक्काकडे.

आक्का तिथेच अंगणात उभी होती. तिने ते ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं, कारण मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असणार. मी पदरात तोंड घातलं.

त्या संध्याकाळी आमची चूल पेटली नाही. रीतीप्रमाणे शेजारपाजारच्यांनी जेवण आणलं. आक्काही पिठलं-भाकरी घेऊन आली. आत्याबाईंनी तिच्या हातातून ते घेतलं नाही. ती उंबऱ्याबाहेर ठेवून गेली आणि ते तिथेच राहिलं, कुत्र्याने खाल्लं. मी आतून बघत होते.

पाचव्या दिवसापर्यंत माझी छाती दगडासारखी झाली होती. दुधाच्या गाठी बांधल्या होत्या, अंगात ताप होता. आत्याबाई मला दूध पिळून टाकायला सांगायच्या, पण हात लावायलाही मला नको वाटायचं. दुखतंय ते दुखू दे, असं मनात असायचं. कुणी शिक्षा करणारं नव्हतं, तर अंगच करत होतं.

त्या दिवशी दुपारी आत्याबाई शेतावर होत्या. दारात एक म्हातारी आली. पांढरी सलवार, डोक्यावरून पांढरी ओढणी, आणि खांद्यावर टाहो फोडणारं दोन महिन्यांचं पोर. ती निर्वासितांच्या छावणीतली आहे हे बघताच कळलं. लढाईच्या काळात लष्कराने बांधलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं राहायची, त्या वस्तीला गावात नुसतं कॅम्प म्हणायचे. गावचं आणि कॅम्पाचं फारसं येणंजाणं नव्हतं. म्हातारी गाईचं दूध मागत होती. आमची गाय आटली होती. मी तसं सांगायला उठले, आणि पोराच्या त्या रडण्याने माझी चोळी पुढून भिजून गेली.

म्हातारीने ते बघितलं. मग तिने घरात नजर फिरवली. पाळणा नव्हता, दांडीवर दुपटं नव्हतं. ती उंबऱ्याशी बसली, ओढणीने माझा घाम पुसला आणि पोर माझ्या मांडीवर ठेवलं.

मी त्याला घेतलं. ते अधाशासारखं प्यायला लागलं तेव्हा एवढी कळ आली की मी दाराची चौकट धरली. हळूहळू गाठ सुटली. म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तेवढा वेळ मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

आत्याबाई आल्या तेव्हा पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. कोण, कुठले, कुठल्या जातीचे, असं पुटपुटल्या. पण माझा ताप उतरलेला त्यांना हाताला कळला. म्हातारीला म्हणाल्या, "उद्या बी आण. पर मागल्या दारानं."

असं सुरू झालं. म्हातारी दिवसातून दोनदा यायची. पुढे पुढे मीच कॅम्पात जाऊ लागले. तिला मी अम्मा म्हणायची, ती मला बेटी. बराकीच्या एका मोठ्या खोलीचे गोणपाट लावून भाग केले होते, त्यातल्या एका भागात ती आणि तिचा मुलगा राहायचे. बाहेर खाटांवर पापड वाळत असायचे. पापड लाटून ती घर चालवायची. मुलगा सायकलवर कापडाचं गाठोडं घालून गावोगाव विकायला जायचा, चाकणच्या बाजारापर्यंत. सून बाळंतपणात गेली होती. एवढं तिने हातवारे आणि हिंदी मिसळून मला सांगितलं. कशी गेली ते सांगितलं नाही. मी गेले की ती आधी पाण्याबरोबर पापड द्यायची. त्यांच्याकडे पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत.

तिचा मुलगा घरी असला तरी पोराकडे बघत नसे. एकदा पोर त्याच्या पायापर्यंत लोळत गेलं तर त्याने पाय आखडून घेतला.

चैत्र लागला आणि बराकीचे पत्रे तापायला लागले. पोर दुपारभर रडायचं. खाली ठेवलं की रडणार, आणि कडेवर घेऊन पापड लाटता येत नाहीत. एक दिवस ती त्याला घेऊन आमच्याकडे आली. मी पाजत असताना सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तुम्हारे गाँव में बच्चों को गोली देते हैं न, सोने की? दो-चार मुझे भी दे दे."

डबी कोनाड्यात होती, आमच्यापासून चार हातांवर. नाही, आमच्याकडे नाही, असं म्हटलं असतं तर ती दुसऱ्या घरी गेली असती आणि कुणीही तिला दिली असती. वाईट असते म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग सगळे का देतात? मी पोराला पाजत होते. तोंडात आलं ते बोलून टाकलं.

"अम्मा, मी दिली होती. माझी त्यानंच गेली. ती रडायची थांबेना म्हणून मी दुसरी दिली."

तिला तोवर मराठी बरंच समजायला लागलं होतं. तरी तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, झोळीचं आणि त्या एका पातीचंही. मग तिने पोराला माझ्या मांडीवरून उचललं. त्याचं पोट भरलं नव्हतं, ते रडायला लागलं. ती त्याला तसंच घेऊन मागच्या दाराने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिने बरोबरच केलं असं मला वाटत होतं. मी तिच्या जागी असते तर त्याच पावली गावात ओरडून सांगितलं असतं. तिने मात्र सांगितलं नव्हतं, कारण पाणवठ्यावर कुणी माझ्याकडे वळून बघत नव्हतं. छाती पुन्हा भरून दुखायला लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॅम्पात गेले. मला घरात घेतील म्हणून गेले नाही. पोराला काय पाजते आहे, एवढंच विचारायचं होतं.

ती शेळीचं दूध पाजत होती आणि पोराला हगवण लागली होती. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. तिने मला दारात बघितलं आणि सरकून जागा केली. मी बसले. तिने पोर माझ्याकडे दिलं, पण स्वतः गुडघ्याला गुडघा लावून समोर बसली आणि तिने पोराचा एक पाय हातात धरून ठेवला.

"मुझे तुझसे डर लगा," ती म्हणाली. "अब भी लगता है. झूठ नहीं बोलूँगी."

मी म्हटलं, मलाही माझी भीती वाटते.

मग तिने तिचं सांगितलं. आपल्या गावी ती सुईण होती. तिच्या हातून चाळीस पोरं जगात आली होती, एकही बाई दगावली नव्हती. इथे कॅम्पात दवाखान्याची नर्स होती. सुनेला कळा लागल्यावर शेजारणी म्हणाल्या, नर्सला बोलवा. ती म्हणाली, चाळीस केली आहेत, मला काय शिकवता? पोर झालं आणि मग रक्त थांबेना. तरीही तिने एक घटका वाट बघितली. नर्स आली तेव्हा सून थंड पडली होती. मुलगा गावोगाव फिरून दुसऱ्या दिवशी आला. तिने त्याला सांगितलं, नर्सला बोलावलं होतं पण ती जागेवर नव्हती. त्याने ते खरं मानलं. त्या नर्सशी तो आजही बोलत नाही, ती दिसली की थुंकतो.

हे सांगताना ती रडली नाही. पोर पोट भरून झोपलं तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो.

त्या दिवसापासून तिने एक नियम केला. तिने तो बोलून दाखवला नाही, पण मला कळला. मी पाजत असताना ती जागची हलायची नाही. भांडं उकळून उतू गेलं तरी नाही. मला त्याचा राग आला नाही. उलट माझ्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, याने मला सुटल्यासारखं व्हायचं. घरात सगळे मला दुःखी आई म्हणून जपायचे, आणि ते मला सोसत नव्हतं. ती एकटीच मी कोण आहे हे जाणून माझ्याशी वागत होती.

ज्येष्ठात एक दिवस रॉकेल आलं म्हणून कॅम्पात एकच धावपळ उडाली. ती डबा घेऊन उठली. दारापर्यंत गेली, थांबली, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बैठ. मैं आती हूँ." आणि गेली. मी पोराला मांडीवर घेऊन बसले. ते जागं होतं, माझ्या मंगळसूत्राशी खेळत होतं. ती येईपर्यंत मी त्याच्यावरून डोळे काढले नाहीत. पाय बधीर झाले तरी मांडी हलवली नाही. ती परत आल्यावर मला हुंदका आला आणि तो लवकर थांबला नाही. मुलगी गेल्यापासून मी तशी रडले नव्हते.

इथेच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आक्का राहिली होती.

त्या महिन्यांत आक्काचं काय चाललं होतं ते मला दिसत होतं. तिला कुणी बारशाला बोलवत नव्हतं. ती पाणवठ्यावर आली की बायका पोरांना पदराआड घ्यायच्या. रस्त्यात लहान मूल दिसलं की ती स्वतःच मान खाली घालून कडेने निघून जायची. घरातून निघताना आमच्या दारावरून न जाता मागच्या बोळातून वळसा घालायची. तिचा नवरा दुसरं लग्न करणार असं लोक बोलायला लागले होते. आणि मी दारात बसून हे सगळं बघत होते.

एकदा अम्मा पोराला घेऊन आमच्याकडे येत होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती आक्काच्या ओट्यावर टेकली आणि चप्पल बांधेपर्यंत पोराला जरा धरायला आक्काच्या पुढे केलं. आक्काने दोन्ही हात मागे घेतले. "माझ्याकडं नका दिऊ. लोक बोलत्यात," म्हणाली.

अम्माने येऊन मला विचारलं, ती बाई असं का म्हणाली? मी सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक बारीक होत गेला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेरी बहू तो मर गई. मैं माफ़ी किससे माँगूँ? तेरी तो सामने रहती है."

पुढच्या आठवड्यात तिने आपल्या मुलाला नर्सचं खरं सांगितलं. तो उठला आणि कल्याणच्या कॅम्पातल्या मामाकडे निघून गेला. चार दिवसांनी परत आला. त्याने भांडायला हवं होतं, ती म्हणाली, पण तो नुसता गप्प होता. आणखी काही दिवसांनी मी गेले तर तो खाटेवर बसला होता आणि पोर त्याच्या पोटावर झोपलं होतं. मला बघून तो ओशाळला, पण त्याने पोराला खाली ठेवलं नाही.

तिने सांगितलं आणि मी मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता आषाढ गेला, श्रावण गेला. पंचमीला झिम्मा-फुगड्या झाल्या, आक्का आली नाही. तिला कुणी बोलावलंही नाही. गौरी बसल्या, उठल्या. अम्माने मला पुन्हा एकदाही विचारलं नाही. मी गेले की पापड आणि पाणी पुढे करायची आणि नुसती बघायची. त्या बघण्यापायी मी तिच्याकडे जाणं कमी केलं. तोवर पोर भाताची पेज खायला लागलं होतं, तेव्हा निमित्तही होतं.

दिवाळीच्या तोंडावर कळलं की आक्काच्या नवऱ्यासाठी मावळातली एक मुलगी बघून आले आहेत. त्या दिवशी मी आत्याबाईंना सांगितलं. त्या जात्यावर बसल्या होत्या. मी समोर बसून खुंट्याला हात लावला आणि म्हटलं, पोर दृष्टीने गेली नाही, मी तिला दोन गोळ्या दिल्या होत्या.

त्यांनी जातं थांबवलं नाही. दोन फेरे झाले आणि मग म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. डबीतल्या गोळ्या म्याच मोजून ठिवल्या व्हत्या."

मी म्हटलं, मग आक्काचं नाव का घेतलंत?

"अंगणात एवढ्या बाया उभ्या व्हत्या. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार व्हतं. तुझं घिऊ का माझं? गोळीची सवय म्याच लावली न्हाई का तुला?" त्यांनी जात्यात मूठभर दाणे टाकले. "आता काय उकरू नगंस. झालं ते झालं."

त्यांनी मला वाचवायला ते केलं होतं, आणि स्वतःलाही. मला त्यांच्यावर संतापता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी तोंडाने जे केलं तेच मी गप्प राहून केलं होतं.

मी उठून तशीच समोरच्या घरात गेले. आक्का तांदूळ निवडत होती. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच तिच्या घरात पाऊल टाकलं होतं. मी उभ्यानेच सांगितलं. तिने सुपातून वर बघितलं नाही. खडे काढून एका बाजूला टाकत राहिली. माझं बोलून झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजी तुला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी अंगणात बी म्हाईत व्हतं."

मी हो म्हटलं.

"मला वाटायचं, लागली बी आसंल माझीच. मला ती लई आवडायची." मग तिचा आवाज बदलला. "मला घरात यिऊन सांगून काय उपेग? चार बायांत सांगशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुणं धुताना मी सांगितलं. पाच-सहा बायका होत्या. मी शेवटपर्यंत सांगितलं, पण आत्याबाईंनी मोजलेल्या गोळ्यांचं सांगितलं नाही. तेवढं मी लपवलं आणि ते आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे. एक बाई उठून धुणं अर्धं टाकून गेली. एक म्हातारी म्हणाली, आमीबी देतो की, कुणाचं नशीब कसं. कुणी माझ्या अंगावर आलं नाही. मला वाटत होतं यावं.

मालकांना ते डेपोतल्या गावच्या माणसाकडून कळलं. संध्याकाळी आले, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाले, मला आधी सांगायला पाहिजे होतंस. एवढंच. पण पुढे कितीतरी महिने ते ताटावरून उठताना मला हाक मारायचे ते बंद झाले. आत्याबाईंनी एक दिवस ती डबी कोनाड्यातून काढली. कुठे टाकली ते मी विचारलं नाही.

मावळातल्या मुलीची बोलणी मोडली. माझ्या सांगण्यामुळे मोडली की दुसऱ्या कशामुळे, मला ठाऊक नाही. लोकांनी आक्काला बोलवायला हळूहळू सुरुवात केली, पण काही बायका शेवटपर्यंत पोरं पदराआड घेतच राहिल्या. एकदा बसलेलं नाव नुसत्या सांगण्याने पुसलं जात नाही. आत्याबाई तिच्याशी कधी नीट बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना तिच्याकडे बघवत नसावं.

पुढच्या वर्षी अम्माचा मुलगा नातलगांबरोबर धंदा करायला उल्हासनगरला जायला निघाला. मी निरोप द्यायला स्टेशनात गेले. पोर चालायला लागलं होतं. मी त्याला घेतलं तर ते माझ्याकडून सुटून आजीकडे पळालं, आणि अम्मा हसली. मी नदीवर सांगितलं त्याच दिवशी मी तिला जाऊन सांगून आले होते. तेव्हा तिने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. स्टेशनात तिने पापडाची पुरचुंडी दिली, मी भाजक्या शेंगा दिल्या. तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि तेव्हा मलाही येत नव्हतं. त्यामुळे पुढे काही कळलं नाही. ते पोर आज साठीच्या पुढचा म्हातारा असेल.

लोक मला कधी कधी म्हणतात, तुम्ही हिंमत केलीत. मी हिंमत केली नाही. परक्या गावची, परक्या भाषेची एक बाई माझ्याकडे बघत होती आणि तिने माझ्याआधी करून दाखवलं, म्हणून मी केलं. तेही उशिरा. ती चप्पल बांधायला आक्काच्या ओट्यावर टेकली नसती तर मी आजपर्यंत गप्प असते, हे मला पक्कं माहीत आहे.

मला मुलगा झाला तेव्हा मी आक्काला बारशाचं बोलावणं करायला स्वतः गेले. ती आली. दाराजवळ बसली, पाळणा म्हटला गेला तेव्हा ओठ हलवले, घुगऱ्या घेतल्या. बाळाला हात लावला नाही. मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

मुलगा रांगायला लागला तेव्हा एकदा मी परसात होते आणि तो अंगण ओलांडून समोर गेला. मी घाबरून बाहेर आले तर तो आक्काच्या उंबऱ्याशी पोहोचला होता. ती दारातच होती. तिने त्याच्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तिने वाकून त्याला उचललं, कडेवर घेऊन रस्ता ओलांडला आणि माझ्या हातात आणून दिलं.

"लेकरावर ध्यान ठिव गं," ती म्हणाली.

कुठलीही शेजारीण म्हणेल तसंच ती म्हणाली होती. टोमणा नव्हता त्यात. ती तिच्या घरात गेली आणि मी मुलाला घट्ट धरून कितीतरी वेळ दारात उभी होते.